संमतीचे मोल : अजमेर-मेरवाड्यातील किमान वेतनाचा इतिहास

अजमेरच्या इतिहासावर मराठी माणसास दोन शब्द बोलावयास सांगितले म्हणजे त्याची स्वारी तारागडावरून निघते आणि १८१८ साली दौलतराव शिंद्यांनी हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेथे येऊन थांबते. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून हा इतिहास अनेक वेळा आणि अनेक अधिकारी वक्त्यांच्या मुखातून ऐकण्याचा लाभ आपणांस झालेला आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही त्या वाटेने न जाता, ज्यात लढाया नाहीत आणि सरदारही नाहीत असा, याच परिसरात घडलेला पण आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असलेला एक इतिहास सांगणार आहोत. तो आहे मजुराच्या रोजाचा. कायद्याने ठरवून दिलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे काय, आणि मजूरच त्या कमी मजुरीस राजी असेल तर त्याच्या त्या होकारास काय किंमत द्यावयाची, या प्रश्नाचा भारतात जो निवाडा झाला, त्याचे तीन प्रमुख खटले अजमेर, ब्यावर आणि किशनगढ यांच्या पंचक्रोशीतून सर्वोच्च न्यायालयात गेलेले आहेत. नोकरीनिमित्त येथे येऊन आम्हांस बरीच वर्षे झाली. कार्यालयीन कामात श्रमविषयक कायद्यांशी संबंध येऊ लागला, तेव्हा या योगायोगाकडे आमचे लक्ष गेले. पुढे पाहता तो निव्वळ योगायोग नसावा असे वाटू लागले.

राजपुतान्यात मजुरीचा प्रश्न उपस्थित होण्याच्या कितीतरी आधीपासून बेगारीचा प्रश्न होता. ठिकाणेदाराच्या शेतावर, वाड्यावर, शिकारीच्या वेळी आणि लग्नकार्यात रयतेने विनामोबदला राबावयाचे, ही रीत इतकी रूढ होती की तीत काही अन्याय आहे असे देणाऱ्यास वा घेणाऱ्यास वाटत नसे. मराठीत आपण जिला वेठ म्हणतो तीच ही. मेवाडमधील बिजोलिया ठिकाण्यात १८९७ पासून नाना लागबाग आणि बेगार यांविरुद्ध शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू झाले आणि थांबत थांबत १९४१ पर्यंत चालले. या आंदोलनास नेतृत्व देणारे विजयसिंह पथिक यांचे महाराष्ट्राशी एक नाते आहे. ‘राजस्थान सेवा संघ’ ही त्यांची संस्था १९१९ साली वर्ध्यास स्थापन झाली व पुढल्याच वर्षी तिचे कार्यालय अजमेरला आले. त्यांचे ‘राजस्थान केसरी’ हे पत्रही जमनालाल बजाज यांच्या साहाय्याने वर्ध्याहूनच निघाले. संस्थानी मुलखात जे छापता येत नव्हते ते वर्ध्यास छापावयाचे आणि इकडे वाचावयाचे, असा तो काळ होता.

बेगारीत मोबदलाच नसतो, तेव्हा तिचा अन्याय निदान उघड्या डोळ्यांना दिसतो. मोबदला दिला पण अपुरा दिला तर त्यास काय म्हणावयाचे, हा प्रश्न गिरण्यांबरोबर आला. ब्यावरला १८८९ साली कृष्णा मिल निघाली आणि मेरवाड्याच्या उघड्याबोडक्या टेकड्यांतील मेर व रावत कुटुंबांस प्रथमच महिन्याच्या पगाराची ओळख झाली. ठिकाणेदाराने बोलाविले तर जावेच लागे. गिरणीत मात्र दरवाजापाशी जो उभा राहतो तो आपल्या इच्छेने उभा राहतो, म्हणून जो दर सांगितला तो त्यास मान्य आहे असेच समजावयाचे. करार म्हणजे करार! एकोणिसाव्या शतकातील विलायती अर्थशास्त्राचा हा सिद्धांत आपल्याकडील मालकांस फार लवकर पाठ झाला.

या सिद्धांतास पहिला तडा ज्यांनी पाडला त्यांत आपली दोन माणसे अग्रभागी आहेत. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी १९१९ साली वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. १९२९ साली नेमल्या गेलेल्या श्रमविषयक शाही आयोगाचेही ते सभासद होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने किमान वेतन ठरविण्याच्या यंत्रणेविषयीचा करार १९२८ साली संमत केला. भारताने त्यास मान्यता दिली ती मात्र १९५५ साली. दुसरे अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महारवतनाच्या नावाखाली सरकारी नोकराने सांगितलेले कोणतेही काम रात्री-अपरात्री करावयाचे आणि मोबदल्यादाखल बलुत्याच्या चार पेंढ्यांवर समाधान मानावयाचे, या वेठीविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. तेच आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे श्रमसदस्य झाले आणि ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते संमत झाले स्वातंत्र्यानंतर, जगजीवनराम श्रममंत्री असताना, आणि १५ मार्च १९४८ रोजी त्यास कायद्याचे स्वरूप आले. वतनाच्या विधेयकापासून किमान वेतनाच्या विधेयकापर्यंत बाबासाहेबांच्या विचारात एकच सूत्र आहे असे आम्हांस वाटते. अभ्यासकांनी हा धागा अधिक तपासून पाहावा.

१९४८ चा कायदा मोठ्या गिरण्यांसाठी नव्हताच. त्याच्या अनुसूचीच्या पहिल्या भागात गालिचे व शाली विणणे, भात-पीठ-डाळीच्या गिरण्या, विडी, मळे, तेलगिरण्या, खडी फोडणे, रस्ते व बांधकाम, लाख, अभ्रक, कातडी कमावणे असे बाराच व्यवसाय होते. दुसऱ्या भागात शेती होती. जेथे कामगार विखुरलेले, संघटना दुबळी आणि शोषण ठरलेले, तेथे सरकारने दर बांधून द्यावा ही त्यामागील कल्पना होती. कलम २५ मध्ये अवघ्या काही ओळींत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. कामगाराने किमान दरावरील आपला हक्क सोडण्याचा करार केला, तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल समजावा. म्हणजे राजीखुशीचा कागद लिहून घेतला तरी व्यर्थ.

या कलमाची खरी कसोटी लागली ती आपल्या अजमेरात. १९५६ च्या नोव्हेंबरात राजस्थानात विलीन होईपर्यंत अजमेर हे ‘क’ वर्गाचे वेगळे राज्य होते, हे आता नव्या पिढीस सांगावे लागते. या चिमुकल्या राज्याच्या चीफ कमिशनरांनी कापडगिरण्यांचा व्यवसाय मूळ अनुसूचीत नसतानाही अधिकार वापरून तीत घातला, समिती नेमली आणि दर ठरविले. ब्यावरची एडवर्ड मिल न्यायालयात गेली. विधिमंडळाने केलेल्या यादीत एखाद्या अधिकाऱ्याने अधिसूचनेने भर घालणे म्हणजे कायदा करण्याचाच अधिकार त्यास देणे नव्हे काय, असा तिचा आक्षेप होता. न्यायालयाने तो मानला नाही. कोणत्या हेतूने यादी वाढवावयाची हे कायद्यातच स्पष्ट आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

तथापि आमच्या मते त्याहून मनोज्ञ खटला बिजयनगरच्या बिजय कॉटन मिलचा. तेथे आधी औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्याने महिना ३५ रुपये वेतन ठरले होते. पुढे किमान वेतन समितीच्या शिफारशीनंतर ऑक्टोबर १९५२ च्या अधिसूचनेने ते ५६ रुपये झाले. हा बोजा झेपणार नाही असे सांगून कंपनीने गिरणीला कुलूप ठोकले. शेकडो संसार उघड्यावर आले. मग जे घडले ते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. गिरणीतील काही कामगारच पुढे आले आणि म्हणाले, आम्हांस ५६ नकोत, जुन्या ३५ वर आम्ही काम करावयास तयार आहोत. न्यायालयासमोरही त्यांनी आपले हे म्हणणे नेले. मालक म्हणतो देत नाही, कामगार म्हणतो मागत नाही. मग सरकारने मध्ये पडण्याचे कारणच काय?

युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. हा कायदा मालकाच्या व्यवसायस्वातंत्र्याबरोबर मजुराचे करारस्वातंत्र्यही हिरावून घेतो, असे म्हणणे मांडण्यात आले. १४ ऑक्टोबर १९५४ रोजी एडवर्ड मिलच्या निकालाबरोबरच या खटल्याचाही निकाल लागला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या या निकालपत्राचा आशय असा : दारिद्र्य आणि असहायता यांमुळे कामगार कमी दरावर राबण्यास तयार होतात म्हणूनच तर या कायद्याची गरज आहे. ती तयारी हे कायदा शिथिल करण्याचे कारण होऊ शकत नाही. एखाद्या मालकास तो दर परवडत नाही, एवढ्यावरून कायदा अवास्तव ठरत नाही. थोडक्यात, उपाशी माणसाच्या होकारास न्यायालयाने प्रथमच ओळखून बाजूस ठेवले. बिजयनगरचे ते कामगार या निकालाने सुखावले असतील असे समजण्याचे कारण नाही. कुलूप लागलेल्या गिरणीसमोर उभे असणाऱ्यास तत्त्वाचा विजय फारसा पोटभर वाटत नाही. ही बाजू विसरून या निकालाचा गौरव करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

परवडण्या-न परवडण्याच्या मुद्द्यावर पुढे एका मराठी न्यायमूर्तींनी अधिक स्पष्ट बोलून ठेवले. साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात असा अभिप्राय दिला की, जो उद्योग आपल्या कामगारांस जेमतेम जगण्यापुरते वेतनही देऊ शकत नाही त्यास अस्तित्वाचा हक्क नाही. ‘जगण्यापुरते’ म्हणजे किती, याचे माप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेने घालून दिले होते : कमावत्या माणसामागे तीन माणशी आहार, प्रौढास २७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत, ही भर १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात पडली. प्रत्यक्षात जाहीर होणारे दर या मापाशी क्वचितच जुळतात, हे आमच्यासारख्या फायली हाताळणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांसाठी उड्डाणपूल, स्टेडियम, तरणतलाव, हॉटेले यांची कामे घाईने चालली होती आणि ओरिसा व उत्तर प्रदेशाप्रमाणेच राजस्थानातूनही मजूर नेले गेले होते. दिवसाचा किमान दर ९ रुपये २५ पैसे होता. त्यातून महाराष्ट्रात ज्यास मुकादम म्हणतात तो जमादार माणशी एक रुपया दलाली कापून घेई, आणि स्त्रियांच्या हाती तर सातच रुपये पडत. एका लोकशाही हक्क संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांस पत्र लिहिले, त्या पत्रासच याचिका मानण्यात आले आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगार व तत्सम सक्तीची मजुरी यांस मनाई केली आहे. सक्ती केवळ दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. सबब किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, असे न्यायालयाने ठरविले. बिजोलियातील बेगार आणि बिजयनगरचे ३५ रुपये ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत, हे अठ्ठावीस वर्षांनी का होईना, कायद्याच्या भाषेत नमूद झाले.

या निकालाची शाई वाळते न वाळते तोच किशनगढजवळच्या हरमाडा गावचा खटला निकालात निघाला. मदनगंज-हरमाडा रस्त्याचे काम दुष्काळ निवारणासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याने काढले होते. कामावर स्त्रियाच अधिक, त्यांतही दलित कुटुंबांतील. दर ठरलेला होता सात रुपये. पण वीस-वीस माणसांची टोळी करावयाची, पंधरवड्याने खणलेल्या मातीचे माप घ्यावयाचे, मापाप्रमाणे होणारी रक्कम टोळीत सारखी वाटावयाची, अशी पद्धत असल्याने सात रुपये अनेकींच्या हाती कधी पडतच नसत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याची कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हा मापाचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. तिलोनियाच्या समाजकार्य व संशोधन केंद्राचे संजित ऊर्फ बंकर रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. या वेळी प्रतिवादी कोणी गिरणीमालक नव्हता, तर प्रत्यक्ष राज्य सरकार होते, आणि त्याच्या हाती १९६४ चा एक कायदा होता. दुष्काळी कामांस श्रमविषयक कायद्यांतून त्याने सूट दिलेली होती. सरकारची बाजू साधी होती : ही मदत आहे, नोकरी नव्हे, थोड्या पैशांत अधिकांची चूल पेटावी हा हेतू. सद्‌हेतूने केलेला हा युक्तिवाद मालकाच्या युक्तिवादापेक्षा खोडून काढण्यास कठीण होता. २० जानेवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती व पाठक यांनी तो अमान्य केला. रस्ता समाजाच्या उपयोगी पडतो, घाम मजुराचा गळतो, तेव्हा त्यास दान म्हणता येत नाही. दुष्काळाने आलेल्या असहायतेचा लाभ राज्यानेही घेता कामा नये. किमान वेतनापुरती ती सूट रद्द झाली आणि फरकाची रक्कम द्यावी असा आदेश निघाला. या लढ्यात पुढे असलेल्या नौरती बाई नंतर २०१० साली हरमाड्याच्या सरपंच झाल्या.

हक्क मान्य झाला म्हणून मजुरी हाती येते असे नाही. मधे कागद असतो. अजमेरच्या दक्षिणेस, राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी व भीम या भागांत १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचा प्रारंभीचा झगडा किमान वेतनाचाच होता. मजुरांनी पूर्ण मजुरी मागितली की ‘तुमचे काम मापात कमी भरले, वहीत तसेच आहे’ हे उत्तर मिळे. वही दाखवा म्हटले की ती गुप्त! मग मागणीचे रूपच पालटले. आधी हजेरीपट आणि मापवही दाखवा, मजुरीचे नंतर पाहू. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जाहीर सुनावणी झाली. मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावे हजेरीपटावर कशी चालतात हे अशा सुनावण्यांतून गावासमोर वाचून दाखविले गेले. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या चांग गेटपाशी चाळीस दिवसांचे धरणे झाले. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा ज्या लढ्यातून निघाला त्याचे एक मूळ या धरण्यात आहे. दिल्लीतील विद्वानांस हा अधिकार वृत्तपत्रस्वातंत्र्याचा धाकटा भाऊ वाटतो. आम्हांस तो मजुराच्या हजेरीपटाचा मुलगा वाटतो.

मागे पाऊल पडल्याचीही नोंद केली पाहिजे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या सहाव्या कलमाने केंद्रास स्वतंत्र मजुरीदर ठरविण्याची मुभा दिली, आणि १ जानेवारी २००९ च्या अधिसूचनेनंतर कित्येक राज्यांत तो दर शेतमजुरीच्या किमान दराच्या खाली राहिला. हरमाड्याचा निकाल ग्रंथात तसाच होता.

आता आपल्यापैकी अनेकांच्या नित्य परिचयाचा विषय. सरकारी कार्यालये, कारखाने, रुग्णालये, सोसायट्या यांतील झाडलोट, पहारा व बागकाम ठेकेदाराकडे गेल्याला बराच काळ लोटला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली असा नियम होता की, ठेकेदार मजुरी वाटताना मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने समक्ष उभे राहावे आणि ‘माझ्यादेखत रक्कम दिली’ असा दाखला मजुरीपटावर सही करून द्यावा. ठेकेदाराने कमी दिले तर फरक मुख्य मालकाने भरून द्यावयाचा होता. एका कार्यालयात असा मजुरीपट आमच्या पाहण्यात आला होता : बावीस अंगठे एकाच शाईचे, एकाच दाबाचे, आणि खाली दाखला टंकलिखित. पुढे मजुरी बँकेत जमा होऊ लागली तेव्हा हा प्रकार थांबेल अशी आशा होती. मग कार्ड ठेकेदाराकडे ठेवणे किंवा जमा झालेल्या रकमेतील काही भाग रोखीने परत घेणे, असे प्रकार ऐकू येऊ लागले. विचारले तर उत्तर तेच : माणसे राजी आहेत.

१९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अनुसूचीची अट गेली, म्हणजे ‘आमचा धंदा यादीत नाही’ हा जुना बचाव उरला नाही. केंद्राने पायाभूत दर ठरवावा आणि राज्यांनी त्याखाली जाऊ नये, अशीही तरतूद आहे. बिजयनगरचे तत्त्व मात्र शाबूत आहे. हक्क सोडण्याचा करार पूर्वीप्रमाणेच निरर्थक होय. कमी मजुरी मिळणाऱ्यास स्वतः, संघटनेमार्फत वा निरीक्षकामार्फत नियुक्त अधिकाऱ्यापुढे दावा लावता येतो. पूर्वी त्यास सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. फरकाच्या दसपटीपर्यंत नुकसानभरपाई मिळू शकते. सर्वांत मोलाचा फरक असा की, पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. तरीही मजुराने आपली हजेरी रोज एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवावी, वेतनचिठ्ठी मागून घ्यावी, बँकेचे पासबुक भरून घेत जावे आणि त्या कामाचा चालू दर कोणत्या अधिसूचनेत आहे ते पाहून ठेवावे. रेल्वे, खाणी व केंद्राच्या अखत्यारीतील इतर आस्थापना असल्यास केंद्रीय श्रमायुक्तांचे प्रादेशिक कार्यालय अजमेरातच आहे. बाकीच्यांनी राज्याच्या श्रम विभागाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांस १९८७ च्या कायद्याखाली जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. हे शेवटचे फार थोड्यांस ठाऊक असते.

दिल्लीच्या निकालात न्यायालयाने एक खंत व्यक्त केली होती की, श्रमविषयक कायदे मोडणाऱ्यांस दंडाधिकारी दोनशे रुपयांच्या आसपास दंड करतात आणि ठेकेदार तो हसत भरतात. नव्या संहितेत कमी मजुरी दिल्याबद्दल पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मात्र पहिल्या वेळी खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने लेखी सूचना द्यावी आणि मुदतीत चूक सुधारल्यास खटला भरू नये, असेही तीत आहे. हिशेबात नजरचूक झालेल्या लहान दुकानदारास ही सवलत योग्यच आहे. बावीस अंगठे एकाच हाताने उमटविणाऱ्यासही ती त्याच कलमाने मिळते, हे आम्हांस पटत नाही.